आजीचा अडकित्ता, बाबांचं चित्र आणि पितांबरीचा प्रश्न

सिद्धेश्वरपेठकर
मंडळी, सोबत दोन स्कॅन जोडले आहेत. आधी ते मोठे करून बघा, मग पुढचं वाचा.

बाबा निवृत्त कलाशिक्षक. वय ७१. गेल्या वर्षी मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशन्स झाली. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर माळ्यावरचा डबा काढून बसले आणि त्यात आईच्या आईचा, म्हणजे माझ्या आजीचा, पितळी अडकित्ता सापडला. म्हणाले, "हा एवढे दिवस मला तांब्याचा वाटत होता." दुसऱ्या दिवशी कागद ताणला.

पाव इम्पिरियल शीट, ०.१ आणि ०.२ चे पेन, काळी शाई. रेघ फक्त बाह्याकाराला, बाकी सगळे ठिपके. रोज सकाळी खिडकीतला उजेड असेपर्यंत दीड तास, असे ४३ दिवस. अडकित्ता १७ सेंटीमीटरचा आहे, चित्रात बरोबर दुप्पट केलाय. दोन्ही बाजू काढल्यात, एक वर आणि एक खाली. बिजागरीच्या डोक्यावर मोर, पात्याच्या दांड्याच्या टोकाला राघू, खालच्या दांड्याला मैना. अडकित्ता मिटला की चोचीला चोच लागते, उघडला की दोघं रुसतात. दोन घुंगरू होते, एक उरलाय.

आता प्रश्न. चित्र फ्रेम करायचंय आणि शेजारी काचेच्या पेटीत अडकित्ता ठेवायचाय. अडकित्ता काळवंडलाय, बिजागरीपाशी हिरवट झालाय. पितांबरीने घासून लख्ख करू का? बाबा काहीच बोलत नाहीत. आई म्हणते घास. धाकटा भाऊ म्हणतो, एवढं करण्यापेक्षा मोबाइलवर फोटो काढला असता तर दोन मिनिटांत काम होतं. त्याला काय उत्तर द्यावं तेही सुचवा.

कडकभाकरी
आई गं. मी आधी वाचलं आणि मग चित्र पाहिलं, उलट क्रम झाला, तरी दोन मिनिटं चहा गार होत होता. मोराच्या तुऱ्यातल्या त्या तीन बारीक कड्या! काकांना साष्टांग नमस्कार सांगा.

बाळीवेस
लई भारी काढलंय बे वडिलांनी. ४३ दिवस ठिपके? आम्हाला इंटरमिजिएटच्या परीक्षेत तांब्या आणि दोन वांगी काढायला दिलेली तर तासाभरात हात दुखायला लागलेला. तांब्या वाकडा आलेला, वांगी बरी आलेली. मास्तर म्हणाले, भाजी मंडईत जा.

उगाचकाहीतरी
भावाला सांगा, फोटो काढून बघच. पितळेच्या भांड्याचा फोटो काढताना काय होतं ते घरी करून बघा सगळ्यांनी. एक तर फ्लॅशचा पांढरा डाग पडतो, नाहीतर काढणाऱ्याचा अंगठा त्यात दिसतो.

तिऱ्हाईत
थोडं विरोधी बोलतो, दिवे घ्या, म्हणजे हलकंच घ्या. चित्र सुबक आहे यात वाद नाही. पण ही कला आहे की कारागिरी? समोर आहे ते तसंच्या तसं उतरवलं. चित्रकार कुठाय यात? वस्तू सुंदर आहे ती त्या ओतणाऱ्या माणसामुळे. आपण कौतुक करतोय ते ४३ दिवसांचं, म्हणजे चिकाटीचं. चिकाटीबद्दल शाल-श्रीफळ द्या, चित्राबद्दल बोलायचं तर वेगळं बोलू.

कडकभाकरी
तिऱ्हाईत, "तसंच्या तसं" म्हणजे काय ते जरा सांगा. पितळ पिवळं असतं. कागदावर पिवळा कुठाय? शाई काळी, कागद पांढरा. तरी तुम्हाला पितळच दिसलं ना? लोखंडी पातं आणि पितळी दांडा दोन्ही त्याच काळ्या ठिपक्यांनी काढलेत, आणि पातं लोखंडाचं आहे हे मला कुणी सांगायला लागलं नाही.

जेकार्डवाला
माझा इथे पहिलाच प्रतिसाद, टंकनात चुका असतील तर सांभाळून घ्या.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला. वडील चादरींचे ग्राफ करायचे. चादरीवर मोर विणायचा तर आधी तो मोठ्या चौकडीच्या कागदावर चौकोन चौकोन रंगवून काढावा लागायचा. एक चौकोन भरला म्हणजे तिथे ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर, मोकळा ठेवला म्हणजे खाली. त्या ग्राफवरून जेकार्डची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाची, पुठ्ठ्याची कार्डं पंच व्हायची. कॉम्प्युटर आल्यावर ते काम गेलं. पण लहानपणी मी वडिलांच्या शेजारी बसून चौकोन भरलेत, म्हणून ठिपक्यांबद्दल थोडं बोलू शकतो.

आमच्याकडे चौकोन एकतर भरलेला, नाहीतर मोकळा. अर्धा नसतो. ठिपक्यांचंही तसंच, ठिपका पुसट देता येत नाही. काळोख पाहिजे तर ठिपके जवळ जवळ, उजेड पाहिजे तर लांब लांब. आता कडकभाकरी ताईंच्या मुद्द्यावर. पात्यावरचे ठिपके बघा, सगळीकडे साधारण सारखे पसरलेत, दाटी हळूहळू वाढते, हळूहळू कमी होते. लोखंड मंद दिसतं ते त्यामुळे. राघूच्या पोटापाशी बघा. गच्च काळं आणि त्याला लागून एकदम कोरा कागद, मध्ये पायरीच नाही. चकाकणारी वस्तू तशी दिसते. पांढऱ्या जागेने पितळ चमकत नाही, शेजारच्या काळ्याने चमकतं. मोराच्या मानेवर मात्र पायऱ्या आहेत, म्हणजे तिथलं पितळ काळवंडलेलं असणार. बरोबर का?

आणि एक. ठिपके सुरुवातीला आणि शेवटी एकाच मापाचे आहेत. ४३ दिवसांत माणसाचा हात एकदाही चिडलेला दिसत नाही. आमच्या वडिलांचा ग्राफ बघून मी सांगू शकायचो की इथे लाइट गेली होती.

सिद्धेश्वरपेठकर
जेकार्डवाला, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला. मोराची मान काळवंडलेलीच आहे, बरोबर ओळखलंत. म्हणाले, "हात दोनदा चिडला होता. ते दोन कागद फाडले."

शेंगाचटणी
+१ जेकार्डवाला. लिहीत राहा हो, असे प्रतिसाद वाचायलाच येतो इथे.

भुईकोट
सुपारीचा विषय निघाला म्हणून विचारतो, धागाकर्त्याने सुपारी कुणाची घेतलीय?

शेंगाचटणी
आला. मला वाटलंच होतं की दहाव्या प्रतिसादाच्या आसपास हा विनोद येणार.

अक्कलकोटरोड
रच्याकने (जाता जाता), 'अडकित्ता' हा शब्द आपल्या सोलापूरच्या मातीत बघण्यासारखा आहे. आमच्या घरी कन्नड. आम्ही 'अडकत्तरी' म्हणतो. अडके म्हणजे सुपारी, कत्तरी म्हणजे कात्री. सुपारीची कात्री, सरळ हिशोब. मराठीतला अडकित्ता त्याच घरातला. मराठी शाळेत मात्र बाई म्हणाल्या होत्या की सुपारी त्यात 'अडकते' म्हणून अडकित्ता! मी गप्प बसलो, मार्क पाहिजे होते.

जेकार्डवाला
तेलुगूत अडकत्तेर. आणि आमच्यात म्हण आहे, 'अडकत्तेरलो पोकचेक्क'. पोकचेक्क म्हणजे सुपारीचं खांड. दोन्हीकडून कोंडी झालेल्या माणसाला म्हणतात. मराठीत पण आहे ना?

कडकभाकरी
आहे की. अडकित्त्यात सापडलेली सुपारी. सासू आणि बायको यांच्यामध्ये उभा असलेला कुठलाही इसम.

बाळीवेस
तीन भाषांत तोच माणूस सापडला बघा.

दाढदुखी
पेशाने दंतवैद्य आहे, म्हणून एकदाच बोलतो आणि गप्प बसतो. चित्र अप्रतिम. पण सुपारीचं उगाच कोडकौतुक नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात सुपारीला, तंबाखूशिवाय नुसत्या सुपारीलासुद्धा, कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. माझ्याकडे पंचविशीतली पोरं येतात ज्यांचं तोंड दोन बोटं उघडत नाही. आजीचा अडकित्ता काचेच्या पेटीतच ठेवा, तिथेच तो शोभेल.

शेंगाचटणी
डॉक्टर, मान्य. पुडीवाल्यांनी अडकित्ता कधीच बेकार केला, तो राघू आता कुणाचं वाईट करणार.

सवडीनेवाचक
पुण्याला गेलात तर बाजीराव रस्त्याजवळ नातूबागेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघा. दिनकर केळकरांनी आयुष्यभर घरगुती वस्तू जमवल्या, दिवे, भांडी, दौती, वाद्यं, आणि अडकित्ते. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय केलं आणि १९७५ साली सगळं महाराष्ट्र शासनाला देऊन टाकलं. तिथे अडकित्त्यांपुढे मी अर्धा तास उभा होतो. घोडे, पोपट, माणसांच्या जोड्या. काही जोड्या लहान मुलांना दाखवण्यासारख्या नाहीत, मुलगी बरोबर होती, मी तिला दिव्यांकडे वळवलं.

तिकडे कुठलाही अडकित्ता 'सुंदर नमुना' म्हणून दिसतो. तुमच्या वडिलांच्या चित्रातला वापरलेला दिसतो. हे कशामुळे ते मला नीट सांगता येत नाही. कदाचित तो तुटका घुंगरू.

ओतकाम
सिद्धेश्वरपेठकर, एक विचारू का? वरच्या चित्रात मोराच्या डोक्यावरून मानेच्या पाठीमागून खाली दांड्यापर्यंत एक केसासारखी रेघ गेलीय. बाकी सगळं ठिपक्यांत असताना ही रेघ का? चूक आहे का?

तिऱ्हाईत
मीही तेच विचारणार होतो. ती रेघ खटकते.

सिद्धेश्वरपेठकर
बाबांना विचारलं. उत्तर: "रेघ आहे म्हणून काढली." मी भिंग घेऊन बघितलं. खरंच आहे. बोटाला जेमतेम लागते.

ओतकाम
वाटलंच! मग चित्र काढणाऱ्याला माझा सलाम. ही साच्याची सांध आहे.

आमच्या घरात दोन पिढ्या ओतारीकाम होतं, मी नोकरीत गेलो. पितळ ओतायच्या दोन तऱ्हा. एक मेणाची. मेणात पूर्ण वस्तू कोरायची, वर मातीचे लेप द्यायचे, वाळवायचं, तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. गार झाल्यावर माती फोडायची. साचा फुटला की संपला, म्हणून प्रत्येक वस्तू एकटीच जन्माला येते, आणि सांध नसते कारण साचा एकसंध असतो. मेणाच्या वजनाला पितळ किती लागणार हेही ठरलेलं. मेण पाण्यापेक्षा किंचित हलकं, पितळ पाण्याच्या साधारण साडेआठ पट जड, म्हणजे आठ-नऊ पट पितळ वितळवून ठेवायचं.

गंमत म्हणजे हे मेणाचं तंत्र ज्या जुन्या ग्रंथात लिहून ठेवलंय तो आपल्या शेजारचाच. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, १२ वं शतक, ग्रंथ मानसोल्लास. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, हैदराबाद रस्त्याने उमरग्याच्या पुढे. त्याच ग्रंथात राजाने तांबूल कसा खावा याचंही प्रकरण आहे. पितळ कसं ओतायचं आणि विडा कसा खायचा, दोन्ही एकाच पोथीत.

दुसरी तऱ्हा दोन फाळ्यांच्या साच्याची. एक नमुना असतो, तो मातीत अर्धा अर्धा दाबून दोन फाळ्या करायच्या, नमुना काढून घ्यायचा, फाळ्या जुळवून धातू ओतायचा. दोन फाळ्यांच्या फटीत पितळ किंचित शिरतं आणि वस्तूच्या कडेने पापुद्रा येतो. तो कानशीने घासून काढतात. चांगला कारागीर पूर्ण घासतो, घाईतला अर्धा सोडतो. तुमच्या मोरावर अर्धा सुटलाय. म्हणजे तुमच्या आजीचा अडकित्ता एकुलता एक नाही. त्याच नमुन्यावरून निघालेली भावंडं कुठेतरी असणार.

तिऱ्हाईत
मागे घेतो. चूक समजलो ती चूक नव्हती.

पण मूळ मुद्दा थोडा बदलून मांडतो. बाबांना ती रेघ म्हणजे काय ते माहीत नव्हतं, तरी काढली. मी चित्रकार असतो तर ती गाळली असती, कारण ती चित्र बिघडवते. आता मला कळेना, गाळणारा मोठा की ठेवणारा.

शेंगाचटणी
तिऱ्हाईत चक्क विचारात पडलेत, धाग्याची तारीख लिहून ठेवा.

सवडीनेवाचक
खालच्या चित्रात, राघूच्या पंखावर, एक छोटा चौकोन आहे आणि त्यात उभ्या रेघा. नक्षी आहे का ती? मोठं करून बघितलं तर चौकोनाच्या मध्यावर काळा डाग पण आहे.

सिद्धेश्वरपेठकर
ही नक्षी नाही! हे मलाही माहीत नव्हतं, तुम्ही विचारलं म्हणून बाबा हसायला लागले. तेवढ्या जागेवरची पिसं झिजून गुळगुळीत झालीत, आरशासारखी. त्यात आमच्या खोलीची खिडकी दिसते. रेघा म्हणजे खिडकीचे गज. मी म्हटलं, गज सहा आहेत, चित्रात पाचच आहेत. म्हणाले, "सहावा माझ्या डोक्यामागे गेला." तो काळा डाग म्हणजे बाबा.

कडकभाकरी
अहो!! हे आधी सांगायचं नाही का?

तिऱ्हाईत, तुम्ही विचारलं होतं चित्रकार कुठाय यात. हा घ्या. राघूच्या पंखावर बसलाय.

तिऱ्हाईत
बसला खरा. शाल-श्रीफळाची व्यवस्था करतो.

बाळीवेस
अवांतर: सहावा गज डोक्यामागे गेला हे वाक्य मी उद्या ऑफिसात वापरणार आहे, कशासाठी ते माहीत नाही.

खरडवही
मी शांतपणे वाचत होते, पण आता राहवेना. पंख झिजलाय कशाने? वापराने, बरोबर? मग मला काहीतरी जुळत नाहीये. घरातला अडकित्ता हातात घेऊन बसले आहे आणि सुपारी नसल्यामुळे शेंगदाणा फोडते आहे. उजव्या हातात धरला, मोर समोर केला, पातं वर ठेवलं, तर अंगठा पात्याच्या दांड्यावर डाव्या अंगाला टेकतो. त्या अंगाने अडकित्ता बघितला तर मोर डावीकडे यायला हवा. म्हणजे झीज वरच्या चित्रात दिसायला पाहिजे, ज्यात मोर डावीकडे आहे. पण तिथे राघूची पिसं एकेक मोजता येतात. झीज आहे खालच्या चित्रात, मोर उजवीकडे.

काकांनी दोन बाजूंची अदलाबदल केलीय का? की आजी डावऱ्या होत्या?

भुईकोट
ताई, तुम्ही पोलीस खात्यात आहात का?

खरडवही
शाळेत भूमिती शिकवते. फारसा फरक नाही.

ओतकाम
एक शंका. उजव्या हाताने धरलं तर तळहात दुसऱ्या अंगाला घासतोच की. झीज त्यानेही येईल.

खरडवही
तळहात आख्ख्या दांड्यावर पसरतो. शेपटीपासून मानेपर्यंत सगळंच थोडं थोडं झिजेल. चित्रातला डाग अंगठ्याएवढा आहे, लांबट गोल, आणि त्याच्याबाहेर पिसं शाबूत आहेत. जेकार्डवाल्यांनी सांगितलेली 'पायरी' बघा, डागाच्या कडेला ती नाहीये ना.

जेकार्डवाला
नाही. मी मोजलं. कडेला दाटी एकदम बदलते.

सिद्धेश्वरपेठकर
बाबा म्हणतात बाजूंची अदलाबदल शक्यच नाही, वस्तू समोर होती. आजी डावरी होती का विचारलं तर म्हणाले, "मला काय माहीत? सासूबाईंनी माझ्यासमोर कधी सुपारी कातरली नाही. जावई आला की चंची पदराआड." आणि मला आठवतं ती आजी उजव्या हाताने जेवायची, उजव्या हाताने वाती वळायची, उजव्या हाताने धपाटा घालायची. आई मावशीकडे बार्शीला गेलीय, परवा येईल. फोनवर हे विचारलं तर "आधी तो डबा माळ्यावरून का काढला" इथून सुरुवात होईल, म्हणून समोर विचारतो.

हिप्परग्याचापाहुणा
ओतकाम दादांनी भावंडं म्हटल्यापासून माझ्या डोक्यात किडा वळवळत होता. आज गावी आलो आणि आईच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता काढला. फोटो जोडतो.

मोर तोच. तुऱ्याच्या कड्या तीनच. राघूच्या मानेभोवतीची कंठी तीच. आमच्याकडे मैनेची चोच तुटलीय आणि घुंगरू दोन्ही गेलेत. आणि हो, मोराच्या मानेमागची रेघ आमच्याकडे नाही, म्हणजे आमचा घाईतल्या दिवशी झालेला नसावा. आजोबांनी गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, जत्रेत घेतला होता असं आई सांगते. अक्षता सोहळा बघून येताना आजीसाठी काहीतरी पाहिजे म्हणून बांगड्यांऐवजी हा आणला, आणि आजी दोन दिवस बोलली नाही.

आता खरडवही ताईंसाठी. झीज आमच्या राघूवर पण आहे. पण मोर डावीकडे असताना.

खरडवही
🙏🙏 मला आणखी काही बोलायचं नाही.

कडकभाकरी
अंगावर काटा आला. एकाच नमुन्याचे दोन राघू, एक डाव्या पंखाने झिजला, एक उजव्या.

दाढदुखी
गप्प बसणार म्हणालो होतो, पण हा धागा सोडवत नाही. रुग्ण ताटकळलेत.

अक्कलकोटरोड
गड्ड्यावर आजही पितळी वस्तू दिसतात, पण अडकित्ता मी तरी बघितला नाही अलीकडे. आकाशपाळणा आणि भजी हेच मुख्य. आमच्यात लग्नात नवरदेवाच्या हातात अडकित्ता देतात, इतरांकडे कट्यारीला लिंबू खोचतात तसं. माझ्या लग्नात मिळेना, शेवटी मामाने त्याचा स्टीलचा दिला. फोटोत मी हॉटेलच्या काउंटरवरचा माणूस दिसतो.

शेंगाचटणी
भावाला उत्तर मिळालं का मग? त्याच्या फोटोत ही झीज दिसली असती का?

उगाचकाहीतरी
खरं सांगायचं तर दिसली असती. हिप्परग्याच्या पाहुण्यांच्या फोटोत दिसतेच की. फक्त कुणी बघितलं नसतं. आईकडचा अडकित्ता यांनी किती वर्षं रोज बघितला असेल, आणि झीज कधी दिसली? इथलं चित्र बघून आल्यावर.

हिप्परग्याचापाहुणा
कबूल. तीस वर्षं डोळ्यांपुढे आहे. मैनेची चोच तर मीच तोडलीय, तरी झीज दिसली नव्हती.

सिद्धेश्वरपेठकर
आई आली. धपाटे आणि मावशीचा निरोप झाल्यावर विचारलं. तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

"डावरीच होती. लहानपणी हातावर पळी बसायची डावा हात पुढे केला की. जेवण, पूजा, हळदीकुंकू, लाटणं, सगळं उजव्या हाताने करायला शिकवलं तिला. सुपारी लग्नानंतर सुरू झाली, ती कुणी शिकवली नाही, तिची तीच शिकली. म्हणून ती डाव्या हाताने. दुपारी सगळे झोपले की मागच्या दाराशी बसून कातरायची. मी बघायचे, पण मला वाटायचं अडकित्ता डाव्याच हाताने धरतात. मी पण तसाच धरते."

आईने अडकित्ता हातात घेऊन दाखवला. अंगठा त्या डागावर बरोबर बसला. बाबा तिच्या हाताकडे बघत होते आणि काही बोलले नाहीत, पण थोड्या वेळाने उठून पेनमध्ये शाई भरायला लागले.

जेकार्डवाला
वाचून खूप वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

कडकभाकरी
पळी. आमच्याकडे लाटणं होतं. मी पण डावरी, पोळ्या उजव्या हाताने आणि खडू डाव्या.

ओतकाम
पितांबरीचं आता मी सांगतो, कारण मूळ प्रश्न तोच होता आणि सगळे विसरलेत. पितांबरी असो, चिंच असो, लिंबूमीठ असो, आंबटाने वरचा काळा थर विरघळतो आणि घासण्याने थोडं पितळही जातं. एकदा केलं तर काही बिघडत नाही. पण दर दिवाळीला केलं तर राघूची उरलेली पिसं, ती सांधेची रेघ, आणि तो डागसुद्धा हळूहळू सारखा होऊन जाईल. मग सगळाच राघू आरशासारखा. बिजागरीपाशी हिरवं झालंय तेवढं जुन्या मऊ ब्रशने कोरडं झाडा. लोखंडी पात्याला खोबरेल तेलाचं बोट लावा, पितळेला नको. पेटीत ओल राहू देऊ नका.

तिऱ्हाईत
अनुमोदन. आणि पेटीत ठेवताना मोर उजवीकडे.

बाळीवेस
काका पेनमध्ये शाई भरून काय करलालेत पण?

सिद्धेश्वरपेठकर
आईचा हात काढायचा म्हणतात, अडकित्त्यासकट. आई म्हणते ४३ दिवस हात धरून बसायला मला वेळ नाही, भाकऱ्या कोण थापणार. सध्या रोज पंधरा मिनिटांवर तडजोड झालीय, तीही चहानंतर.

हिप्परग्याचे पाहुणे, बाबांनी तुमचा अडकित्ता बघायला मागितलाय. दोन्ही एका कागदावर बसतात का बघायचंय. येताना घासून आणू नका. आणि मूठभर सुपारी घेऊन या, आमच्याकडे कातरायला काहीच नाही.

हिप्परग्याचापाहुणा
रविवारी येतो. दंतवैद्यांनी वाचलं नाही असं समजू का?

दाढदुखी
वाचलं. आठ-दहा चालतील, फक्त चित्रापुरत्या.